उंदीर, हरीण आणि आमच्या गोठ्यातली गोचीड

मे महिन्यात मेढ्याला घरी गेले होते. दुपारची वेळ. आजी गोठ्यात गाईच्या कानामागच्या गोचिडी एकेक करून काढत होती आणि तळाशी थोडं रॉकेल असलेल्या डब्यात टाकत होती. मी ओसरीवर बसून पुस्तक वाचत होते, तेही गोचिडींवरचंच. आजीने विचारलं, "त्या बुकात काय लिवलंय गं?" मी सांगितलं, अमेरिकेत गोचीड चावून माणसांना लाइम नावाचा आजार होतो, सांधे सुजतात, कधी तोंड वाकडं होतं, असं बरंच काही. ती हात न थांबवता म्हणाली, "मंग आमास्नी का न्हाई झाला त्यो? आख्खा जलम गोचिडी काढण्यात गेला माजा."

प्रश्न साधा आहे, पण गोचिडींवर पीएचडी करत असूनही मला त्याचं नीट उत्तर लगेच देता आलं नाही. हा लेख म्हणजे थोडंफार ते उत्तर आहे, आणि त्या पुस्तकाचं परीक्षणही.

पुस्तक आहे रिचर्ड ऑस्टफेल्ड यांचं 'लाइम डिसीज: द इकॉलॉजी ऑफ अ कॉम्प्लेक्स सिस्टिम' (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २०११). ऑस्टफेल्ड न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रूक इथल्या केरी इन्स्टिट्यूटमध्ये काम करतात. आमच्या क्षेत्रात कोणी नवीन आलं की गाईड पहिल्यांदा जी चार नावं सांगतात त्यात हे एक असतं. मी ते दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्यांदा भारावून गेले होते. या वेळी पेन्सिल हातात होती.

आधी गोष्ट थोडक्यात

१९७५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ओल्ड लाइम आणि आसपासच्या गावांत बऱ्याच मुलांना एकदम सांधेदुखी सुरू झाली. तिथल्या आयांनी हे प्रकरण लावून धरलं, म्हणून ॲलन स्टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा जिवाणू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांच्याच नावावरून जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या आजारासाठी उपचार होतात असा तिथल्या सीडीसीचा अंदाज आहे.

तिथली गोचीड, इक्सोडीस स्कॅप्युलॅरिस, साधारण दोन वर्षं जगते आणि एवढ्या काळात जेवते फक्त तीनदा. अंड्यातून बाहेर आलेला लार्व्हा एकदा रक्त पितो, खाली पडतो, कात टाकून निम्फ होतो. निम्फ दुसऱ्या जनावरावर चढून दुसरं जेवण करतो आणि प्रौढ होतो. प्रौढ मादी तिसरं जेवण करून अंडी घालते. लार्व्हा आणि निम्फ बहुतेक वेळा उंदीर, खारी, चिचुंद्री, पक्षी अशा लहान जिवांवर जेवतात. प्रौढ गोचीड मोठ्या जनावरावर, तिकडे मुख्यतः हरणावर. माणसाला लाइम देतो तो बहुधा खसखशीच्या दाण्याएवढा निम्फ, कारण तो दिसतच नाही. तिळाएवढी प्रौढ गोचीड निदान हाताला लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या गोचिडीचा लार्व्हा अंड्यातून जवळजवळ नेहमी कोरा बाहेर येतो. आईच्या पोटात जिवाणू असला तरी तो अंड्यात जात नाही. म्हणजे प्रत्येक पिढीला जिवाणू नव्याने कुठून तरी घ्यावा लागतो, आणि तो मिळतो पहिल्या जेवणात. पहिलं जेवण कोणाच्या अंगावर झालं, यावर पुढचं सगळं ठरतं. पुस्तकाचा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

पुस्तक कुठे जिंकतं

लाइम म्हटलं की अमेरिकेत लोक हरणाकडे बोट दाखवतात. गोचिडीचं बोलीतलं नावच 'हरण-गोचीड'. ऑस्टफेल्ड एकेक लोकप्रिय उत्तर घेतात (हरणं वाढली, हवामान बदललं, उंदीर वाढले) आणि प्रत्येकाला स्वतःच्या आकडेवारीसमोर उभं करतात. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. "कोण दोषी" हा प्रश्न ते मोडतात आणि त्याचे दोन प्रश्न करतात. एक, हे जनावर किती गोचिडींना जेवू घालतं? दोन, जेवणाऱ्या गोचिडीला जिवाणू देतं का? ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच जनावराने दोन्ही केली पाहिजेत असं नाही.

त्यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे बघा. पांढऱ्या पायाच्या उंदरावर जेवलेल्या शंभर लार्व्हांपैकी साधारण ९२ जिवाणू घेऊन उतरतात. चिपमंक खारीवरून ५५ च्या आसपास. हरणावरून पाचही नाहीत. म्हणजे हरीण प्रौढ गोचिडींची खानावळ आहे, पण जिवाणूच्या बाबतीत जवळपास निर्दोष. जिवाणूचा खरा कारखाना उंदीर.

आणि उंदीर कशाने वाढतात? ओकच्या फळांनी. ज्या शरद ऋतूत ओकला भरपूर फळं येतात, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतात, आणि त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात जिवाणूवाले निम्फ. तेरा वर्षांच्या नोंदींवरून ऑस्टफेल्ड दाखवतात की डचेस काउंटीतल्या त्यांच्या जंगलात पुढच्या धोक्याचा अंदाज हरणांच्या संख्येपेक्षा ओकची फळं आणि उंदीर जास्त चांगला देतात. तेरा वर्षं एकाच रानात दर हंगामात पांढरं फडकं जमिनीवरून ओढत गोचिडी गोळा करायच्या! मी दोन हंगाम फडकं ओढलंय. पहिल्या दिवशी कंबर जाते, तिसऱ्या दिवशी उत्साह. त्यामुळे या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि पुढची टीका तो आदर ठेवूनच आहे.

पेन्सिल कुठे थांबली

पुस्तक शेवटी ज्या निष्कर्षाकडे नेतं त्याला इंग्रजीत 'डायल्यूशन इफेक्ट' म्हणतात. मी त्याला 'पातळ होणं' म्हणते. कल्पना अशी: रानात फक्त उंदीर असतील तर सगळे लार्व्हा उंदरावर जेवतील आणि सगळे जिवाणू घेतील. पण रानात ओपोसम, रॅकून, खारी, पक्षी अशी विविधता असेल तर बरेच लार्व्हा 'वाया' जातील, कारण ही जनावरं जिवाणू देत नाहीत. ताकात पाणी घातल्यासारखा रोग पातळ होईल. म्हणून जैवविविधता जपा, माणसं निरोगी राहतील.

ऐकायला इतकं छान आहे की मी एमएस्सीला असताना यावर सेमिनार दिला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता मला त्यात तीन अडचणी दिसतात.

पहिली, ओपोसमची. २००९ मध्ये याच गटाने दाखवलं की ओपोसम अंगावर आलेल्या लार्व्हांपैकी ९६ टक्क्यांहून जास्त मारून टाकतो. त्यावरून 'ओपोसम म्हणजे गोचिडी खाणारा व्हॅक्यूम क्लीनर' अशी चित्रं अजून फिरत असतात. प्रयोग कसा केला? पिंजऱ्यातल्या प्रत्येक जनावरावर ठराविक लार्व्हा सोडले, पोट भरून खाली पडलेले मोजले आणि जे सापडले नाहीत ते खाल्ले गेले असं धरलं. हे 'धरलं' महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये हेनेसी आणि हिल्ड यांनी ३२ रानटी ओपोसमांच्या पोटातलं अन्न तपासलं. एकही गोचीड सापडली नाही. पुस्तक त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे, त्यामुळे ऑस्टफेल्डना याचा दोष देता येणार नाही. पण 'न सापडलेली' गोचीड आणि 'खाल्लेली' गोचीड यांतला फरक २०११ लाही तेवढाच मोठा होता.

दुसरी अडचण हिशेबाची. एखादं जनावर जिवाणू देत नाही, पण गोचिडींची संख्याच वाढवत असेल तर? टक्केवारी कमी होईल, एकूण आकडा मात्र वाढू शकेल. शंभर गोचिडींत ४० टक्के जिवाणूवाल्या म्हणजे ४०. तीनशे गोचिडींत २० टक्के म्हणजे ६०. रोग 'पातळ' झाला, धोका वाढला. याचा सुंदर दाखला कॅलिफोर्नियातून आला, तोही २०११ मध्येच. तिथे एक सरडा आहे, त्याचं रक्त बोरेलियाला मारतं. म्हणजे पातळ करणारा आदर्श उमेदवार. आंद्रेया स्वेई आणि सहकाऱ्यांनी काही जागांवरचे सरडे काढून टाकले. सिद्धांतानुसार धोका वाढायला हवा होता. झालं उलटं: बऱ्याचशा लार्व्हांना दुसरं जनावर मिळालंच नाही आणि पुढे निम्फ कमी झाले. हरणाचंही तसंच. मेन राज्यातल्या मॉनहेगन बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सगळी हरणं काढली, त्यानंतर तिथल्या गोचिडी ओसरल्या. बेटाचा दाखला जसाच्या तसा मुख्य भूमीला लावता येत नाही हे खरं. तरी 'हरीण निर्दोष' हे वाक्य फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पहिल्याचं नाही. दोन प्रश्न वेगळे ठेवायला ज्या पुस्तकाने शिकवलं, ते शेवटाकडे येताना पहिला प्रश्न मागच्या बाकावर बसवतं.

या मुद्द्यावर पुढे भांडण चांगलंच पेटलं. २०१२ मध्ये रँडॉल्फ आणि डॉब्सन यांनी कडक टीका लिहिली आणि शीर्षकातच व्होल्तेअरच्या त्या भाबड्या आशावादी पँग्लॉसची आठवण काढली. २०१५ मध्ये सिव्हिटेलो आणि सहकाऱ्यांनी अनेक परजीवींचे अभ्यास एकत्र करून 'पातळ होणं' बऱ्याच ठिकाणी दिसतं असं मांडलं. दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालंय की हा निसर्गाचा नियम नाही. कधी घडतं, कधी नाही, आणि कधी ते त्या त्या रोगाच्या अंगभूत यंत्रणेवर ठरतं.

तिसरी अडचण माणसाची. पुस्तकात उंदराचं, हरणाचं, ओकचं चरित्र आहे. माणूस बहुतेक वेळा आलेखाच्या एका टोकाला 'धोका' म्हणून येतो. तो रानात कशाला जातो, किती वेळ बसतो, अंगणात काय करतो, हे नाही. याची किंमत पुढे ऑस्टफेल्ड आणि फेलिशिया कीसिंग यांच्याच मोठ्या प्रयोगात दिसली. डचेस काउंटीतल्या २४ वस्त्यांत, सुमारे हजार घरांच्या अंगणांत त्यांनी चार वर्षं गोचिडी मारण्याचे उपाय केले. निकाल २०२२ मध्ये आला: अंगणातल्या गोचिडी खरोखर कमी झाल्या, माणसांतले आजार मात्र सिद्ध होईल इतके कमी झाले नाहीत. स्वतःच्या आवडत्या गृहीतकाला न जुमानणारा निकाल त्यांनी सरळ छापला. ही प्रामाणिकता शिकण्यासारखी आहे. पण 'गोचिडी कमी म्हणजे आजार कमी' ही उडी पुस्तकात किती सहज मारली होती, हेही त्यातून कळतं.

सह्याद्रीत हे पुस्तक उघडलं तर

आता आपल्याकडे. मेढ्याहून सह्याद्रीच्याच रांगेने दक्षिणेला जात राहिलं की शेवटी सिंधुदुर्गातला दोडामार्ग लागतो. २०१६ च्या सुरुवातीला तिथे माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. शंभराहून जास्त रुग्ण निघाले. त्याच्या आदल्या वर्षी पलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना हेच झालं होतं. हा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपला 'माकडताप', १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेलेला. हा विषाणू आहे, जिवाणू नाही. पण गोचीड, जनावर आणि रोगजंतू यांचा तिहेरी खेळ तोच. गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, तीन जेवणं तीन वेगळ्या जनावरांवर करणारी. माणसाला चावतो तो इथेही मुख्यतः निम्फ, आणि हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंतचा, म्हणजे काजू आणि सरपण गोळा करण्याचा.

ऑस्टफेल्डचे दोन प्रश्न इथे विचारून बघा, चित्र लख्ख होतं. माकड मरतं म्हणून सगळा दोष माकडावर जातो. पण ते आपल्यासारखंच रोगाचा बळी आहे, मरताना अंगावरच्या विषाणूवाल्या गोचिडी जमिनीवर सोडून जातं एवढंच. आणि गाय? गाईच्या रक्तात हा विषाणू गोचिडीला लागण होण्याइतका वाढत नाही. पण प्रौढ गोचिडींचं जेवण तिच्यावर होतं. म्हणजे तिकडचं हरीण ते इकडची गाय! हे समजायला मला डचेस काउंटीतलं पुस्तक उपयोगी पडलं, हे मी मान्य करते.

पण 'पातळ होण्या'चा निष्कर्ष इथे लावला तर काय निघेल? गाय रोग देत नाही, मग रानात गाई सोडा, रोग पातळ होईल. वस्तुस्थिती नेमकी उलट असल्याचं बोशेल यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं: जंगल तोडून शेती आली, गुरं रानाच्या कडेला चरू लागली, गोचिडींना मुबलक जेवण मिळालं आणि गोचिडी माफक होत्या तिथे त्यांची रेलचेल झाली. बेथ पर्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये शिमोग्यासाठी जे धोक्याचे नकाशे केले त्यातही सदाहरित जंगल, बागा आणि देशी गुरांची दाटी यांची सरमिसळ असलेला भाग जास्त धोक्याचा निघाला. झाडाझुडपांची, प्राण्यांची विविधता अशा ठिकाणी काही कमी नसते. जंगल वाचवायची शंभर कारणं आहेत, कासच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला ती सांगायला नकोत. पण 'जंगल राखलं की ताप येणार नाही' असं गावात जाऊन सांगितलं आणि पुढच्या मार्चमध्ये काजूच्या बागेतली बाई तापाने पडली, तर लोकांचा विश्वास जंगलावरूनही उडेल आणि आपल्यावरूनही.

आजीचं उत्तर, आणि एक मूल

आजीला लाइम का झाला नाही? तिच्या डब्यातल्या बहुतेक गोचिडी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस होत्या. मी भिंग लावून पाहिलं. ही गोचीड लार्व्हा ते प्रौढ असं सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढते. एकदा गाईवर चढली की उतरते ती अंडी घालायलाच. मधे माणसाकडे यायची तिला गरज पडत नाही, आणि लाइमचा जिवाणू वाहणारी जात ही नाहीच. आजीला एवढं पुरलं. मी मात्र तिला हातमोजे घ्यायला लावले, कारण डब्यात दोन-तीन हायलोमाही होत्या. गुजरातमध्ये २०११ मध्ये भारतातला पहिला काँगो तापाचा उद्रेक झाला, तो विषाणू वाहणारा वंश हाच. बोटांनी गोचीड चिरडणं तेवढं बंद कर, एवढं तिने ऐकलं. हातमोजे दुसऱ्या दिवशी खुंटीला.

पण माझ्या डोक्यात त्या दिवशी दुसरंच होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलाला सलग ताप होता. डेंग्यू नाही, टायफॉइड नाही, अँटिबायोटिक दोनदा बदललं. सहाव्या दिवशी अंगावरचं पुरळ तळहात-तळपायांवर उतरलं. सातव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुत्रं आहे का?" होतं, आणि त्याच्या कानात गोचिडी होत्या. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. मूल बरं आहे. मधले दिवस त्या आईने कसे काढले ते मी फोनवर ऐकलंय.

हा स्पॉटेड फीव्हर, रिकेट्सिया जिवाणूचा. महाराष्ट्रात तो आहे हे बालरोगतज्ज्ञांना माहीत आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की संशय आला तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करा, मूल लहान असलं तरी.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आठवा. लाइममध्ये लार्व्हा कोरा जन्मतो, म्हणून उंदराला एवढं महत्त्व. रिकेट्सिया मात्र गोचिडीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जाते. गोचीड स्वतःच साठा. कुत्र्याची गोचीड तिन्ही जेवणं कुत्र्यांवरच करते, घराच्या भिंतीच्या फटीत राहते. इथे उंदीर-ओपोसमचा हिशेब मांडून पातळ करायला उरतंच काय? इथे विविधता वाढवणं हा उपाय नाही. कुत्र्याच्या गोचिडी वेळच्या वेळी काढणं, घरातल्या फटी बुजवणं आणि डॉक्टरांनी योग्य प्रश्न वेळेत विचारणं, हे उपाय आहेत.

म्हणून निकाल असा. पुस्तक जरूर वाचा, विशेषतः जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी. एखाद्या सर्वमान्य समजुतीला आकड्यांनी कसं हलवायचं याचा तो उत्तम पाठ आहे. त्यातले दोन प्रश्न जवळ ठेवा आणि आपल्या भागासाठी तिसरा जोडा: जंतू गोचिडीच्या अंड्यातून जातो की नाही? निष्कर्ष मात्र डचेस काउंटीतच राहू द्या. तो तिथल्या उंदराचा, तिथल्या ओकचा आहे, आणि तिथेही त्यावर अजून भांडण चालू आहे.

आणि एक विनंती, परीक्षणाशी थेट संबंध नसला तरी. घरात कोणाला, विशेषतः लहान मुलाला, चार-पाच दिवस ताप उतरत नसेल आणि घरात कुत्रं, गुरं असतील किंवा रानात जाणं झालं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. गोचिडीचा विषय तुम्हीच काढा.